चालू मशीनमध्ये हार्ड डिस्क लावता येते का? (बंद करायची सोय नाही)

रामबागी
मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. आमच्या मंडळाच्या वाचनालयात (इंदूर, रामबाग) गेल्या वर्षापासून जुन्या स्मरणिका, कार्यक्रमपत्रिका, नाटकांची हँडबिलं असं सगळं स्कॅन करून राहिलो आहोत. कागद इतके पिवळे पडलेत की पान उलटताना कोपरा हातात येतो, म्हणून एकदाच काय ते चांगलं करू म्हणून ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं. तेव्हा कोणी हिशोब केला नाही. आता केला तर एका ए-फोर पानाची फाईल साधारण १०४ एमबी, आणि पानं झालीत ८ हजार. म्हणजे ८३२ जीबी नुसते फोटो. मशीनमधली डिस्क १ टीबीची.

आता खरी गोष्ट. भाच्याने एक स्क्रिप्ट लिहून दिली, ती प्रत्येक पान सरळ करते, डाग काढते आणि मग टेसरॅक्ट नावाच्या प्रोग्रामकडून मराठी मजकूर वाचून घेते. मशीन २०१२ चं, आय-थ्री, त्यामुळे पानाला दीड मिनिट. सुरू करून साडेतीन दिवस झाले, ३४०० पानं झाली, ४६०० बाकी. साफ केलेलं पान १५ एमबीचं पडतंय आणि डिस्कवर जागा उरली २७ जीबी. तासाला ४० पानं म्हणजे ६०० एमबी, म्हणजे परवा रात्रीपर्यंत डिस्क फुल्ल.

सिल्व्हर मॉलमधून ४ टीबीची साडेतीन इंची डिस्क आणली आहे, डब्यातच आहे. प्रश्न एवढाच की मशीन चालू असताना ही आत लावता येते का? बंद का करत नाही म्हणाल तर दोन कारणं. एक, स्क्रिप्ट थांबली तर पहिल्या पानापासून सुरू होते म्हणे. दुसरं, बोर्डावरचा सेल गेलेला आहे, बंद केलं की बायोस (मशीन उठताना लागणाऱ्या सेटिंग) सगळं विसरतं आणि मागच्या वेळी परत उभं करायला दोन दिवस गेले. डेबियन लिनक्स आहे. मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, टर्मिनलची भीती नाही पण अक्कलही फार नाही.


भिया_पोहेवाले
मंगळवार, रात्री ११:०५

अरे काका, हजारोंचा संसार उभा केला आणि तीस रुपयांचा सेल नाही टाकला? :) उद्या सकाळी पोहे-जिलेबी खायला निघाल तेव्हा येताना एक सीआर२०३२ घेऊन या. आणि हे लक्षात घ्या की सेल मेला असला तरी भिंतीतला प्लग चालू असेल तोवर बायोस काही विसरत नाही, एसएमपीएसमधून (मशीनचा पॉवर सप्लाय) ५ व्होल्ट स्टँडबाय येतच असतो. म्हणजे नुसतं शटडाऊन करून, प्लग न काढता डिस्क लावून परत चालू केलं तरी चाललं असतं. पण स्क्रिप्टचं म्हणाल तर तो प्रॉब्लेम खरा आहे.

लावता येते. साटा आहे ना, हल्लीची बारीक केबलवाली? साटाला गरमागरम लावायची सोय आहे, मी दुकानात रोज लावतो.


नवखा_प्रोग्रामर
मंगळवार, रात्री ११:२०

काका स्क्रिप्टमध्ये दोन ओळी टाका ना, आउटपुट फाईल असेल तर ते पान सोडून पुढे जा. मग बंद करा चालू करा काही फरक नाही.


रामबागी
मंगळवार, रात्री ११:३१

बाळा, भाचा कॅनडात, त्याची आत्ता सकाळ. मेसेज टाकलाय. पण चालू असलेल्या स्क्रिप्टला मधेच हात लावू नको असं तोच बजावून गेलाय.


मांडवीची_मनू
बुधवार, सकाळी ७:५०

रामबागीकाका, तुमचा भाचा बरोबर सांगतोय. बॅशची स्क्रिप्ट चालता चालता वाचली जाते, चालू असताना फाईल एडिट केली तर बॅश मधल्याच कुठल्यातरी ओळीवर उडी मारतं. स्क्रिप्टला हात लावू नका.

मी बडोद्याला एका कारखान्यात सर्व्हर बघते, तिकडे डिस्क चालू मशीनमध्ये बदलणं हे रोजचं काम आहे, पण ती मशीनं त्यासाठी बनवलेली असतात, ट्रे सरकवायचा आणि झालं. घरच्या डब्यात तेच करायचं तर आधी तीन-चार गोष्टी बघून घ्या आणि इथे लिहा. साटा कुठल्या मोडमध्ये चालतंय, नवा एएचसीआय की जुना आयडीई? आयडीई मोड असेल तर विषय संपला, चालू मशीनला नवी डिस्क कळणारच नाही. डीमेसेजमध्ये (मशीनची नोंदवही) ‘एएचसीआय’ शोधा. दुसरं, पॉवर सप्लाय कुठला आणि किती जुना, कारण साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टच्या लाइनवर दोन-एक अँपियर ओढते, फुगलेल्या कपॅसिटरचा एसएमपीएस असेल तर तेवढ्यात मशीन रीसेट होऊ शकतं. तिसरं, रिकामी साटा पॉवरची वायर एसएमपीएसमधूनच आलेली आहे की मोलेक्सवरून (जुना चार पिनांचा कनेक्टर) अडॅप्टर लावायला लागणार आहे?

आणि चौथं, जे मी पहिलं विचारायला हवं होतं. या ८ हजार पानांची दुसरी कॉपी कुठे आहे?


रामबागी
बुधवार, सकाळी ९:१५

मनूताई, पोहे थंड झाले तुमचे प्रश्न सोडवता सोडवता. एएचसीआय दिसतंय (भाच्याने मागच्या वेळी बायोसमध्ये तेच केलं होतं, आठवतंय). एसएमपीएस मागच्या दिवाळीत नवा टाकलाय, ४५० वॅटचा. साटा पॉवरचे दोन कनेक्टर रिकामे लोंबताहेत, एसएमपीएसच्याच वायरीला. कॉपी... एक २ टीबीची यूएसबी डिस्क आहे, ती लावलेलीच असते, तिच्यावर मागच्या महिन्यापर्यंतचं आहे. शेवटची सहाशे-सातशे पानं नाहीत.


मांडवीची_मनू
बुधवार, सकाळी ९:२२

मग आधी ती सहाशे पानं यूएसबीवर घ्या. आत्ता. डिस्कचं नंतर बघू. सहाशे पानं म्हणजे ६०-६५ जीबी, तासाभराचं सुद्धा काम नाही.


लष्करवाला
बुधवार, सकाळी १०:०२

ग्वाल्हेरहून नमस्कार. वरचं सगळं वाचलं, मला एक सांगा, इतकी घाई कशाची? ईएक्सटी-फोरमध्ये (लिनक्सची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मालक-युजरसाठी, राखून ठेवलेली असते, साध्या युजरला ती मिळत नाही. १ टीबीवर ५० जीबी झाली ती. ट्यूनटूएफएस मायनस एम १ ही कमांड करा, चालू डिस्कवर, माउंट (जोडलेली) असताना चालतं, ४० जीबी तिथल्या तिथे मोकळी. २७ अधिक ४० झाले ६७. तुम्हाला लागणार ४६०० गुणिले १५ म्हणजे ६९. दोन जीबी कमी पडतात पण ते काय, कुठले तरी डाउनलोड पडलेलेच असतील. डिस्क लावायची भानगडच नको, स्क्रिप्ट संपू द्या, मग निवांत बंद करून लावा.


सुदामानगर_४
बुधवार, सकाळी १०:३०

लष्करवाले भाऊ हे भारी होतं. मी इतकी वर्षं लिनक्स वापरतोय, नवीन डिस्कवर करतो पण चालूवर करायचं डोक्यात आलंच नव्हतं.


रामबागी
बुधवार, सकाळी ११:४०

केलं. डीएफमध्ये (मोकळी जागा दाखवणारी कमांड) १९ चे ५९ झाले. नाटकात पडदा वर जातो तसं वाटलं. यूएसबीवर कॉपी चालू आहे.

पण लष्करवाले, दोन जीबी नाही हो फक्त. काठोकाठ भरलेल्या डिस्कवर साडेचार दिवस काढायचे म्हणजे माझी झोप गेली. शिवाय शनिवारी अजून दोन पेट्या येताहेत स्कॅनिंगला. लावायचीच आहे डिस्क, निदान आता परवाची तलवार नाही डोक्यावर.


लष्करवाला
बुधवार, दुपारी १२:१०

मर्जी तुमची. मी पस्तीस वर्षांत एकदाच घरच्या मशीनमध्ये चालू असताना डिस्क लावली, आयडीईचा जमाना होता, ४० पिनांची चपटी पट्टी, मास्टर-स्लेव्हचे जंपर, आणि मला वाटलं काय होतंय. बोर्डही गेला डिस्कही गेली. तेव्हापासून हात आखडतो. साटामध्ये तसं होत नाही हे मला माहीत आहे, डोक्याला माहीत आहे, हाताला नाही.


भिया_पोहेवाले
बुधवार, दुपारी १:००

आयडीई आणि साटाचा हिशोब वेगळा आहे काका. साटा डिस्कच्या मागे बघा, सोनेरी पट्ट्या दिसतात त्या सगळ्या एका लांबीच्या नसतात, ग्राउंडच्या काही पट्ट्या जरा पुढे आलेल्या असतात म्हणजे कनेक्टर घुसताना आधी ग्राउंड टेकतं, मग बाकी. हे मुद्दाम केलेलं आहे, चालू असताना लावायची सोय म्हणूनच.

रामबागी, लावायची पद्धत सांगतो, माझी आहे, दुसऱ्याची वेगळी असेल. कॅबिनेट उघडायच्या आधी हात उघड्या पत्र्याला टेकवा, नायलॉनचा शर्ट आणि मे महिन्याची कोरडी हवा म्हणजे बोटातून ठिणगी निघते आपल्याकडे. डिस्क आधी पिंजऱ्यात स्क्रूने पक्की बसवा, चारही, लोंबकळत ठेवू नका. मग डेटाची केबल आधी, पॉवर नंतर. लोक यावर भांडतात, दोन्ही चालतं, पण मी डेटा आधी लावतो कारण केबल दाबताना डिस्क हलते आणि तेव्हा ती थांबलेली असते. एकदा पॉवर मिळाली की फिरायला लागते, मग तिला धक्का नको. पॉवरचा कनेक्टर एका दमात सरळ आत, डळमळवत नाही, चार वेळा आत-बाहेर नाही.

शेजारी चालू असलेली जुनी डिस्क आहे हे मात्र विसरू नका. लोकांची नवी डिस्क वाचते आणि कोपर लागून जुनीची केबल निघते. हे मी डोळ्यांनी बघितलंय, दुकानात, गिऱ्हाईक समोर बसलेलं.


मांडवीची_मनू
बुधवार, दुपारी १:१८

भियाजींचं शेवटचं वाक्य चौकटीत लावण्यासारखं. म्हणून एक करा, डिस्क लावायच्या आधी स्क्रिप्ट पॉज करा. मारायची नाही, पॉज. टर्मिनल समोर असेल तर कंट्रोल-झेड, नाहीतर किल मायनस स्टॉप आणि प्रोसेसचा नंबर. नुसती स्क्रिप्ट थांबवली तर टेसरॅक्ट हातातलं पान पूर्ण करेल आणि पुढचं पान कोणी देणार नाही. दोन मिनिटं थांबा, मग सिंक मारा म्हणजे मेमरीत अडकलेलं लिखाण डिस्कवर उतरतं. लावून झालं की एफजी किंवा किल मायनस कॉन्ट, जिथे होती तिथून पुढे चालू.

डिस्कच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा आत बसवायच्या आधी. सीरियल नंबर लागेल.


नवखा_प्रोग्रामर
बुधवार, दुपारी २:०५

स्टॉप-कॉन्ट माहीत होतं पण असं वापरता येतं हे नव्हतं डोक्यात, भारी.
एक शंका, डिस्क लावली तरी स्क्रिप्ट तर जुन्याच फोल्डरमध्ये लिहिणार ना? नव्या डिस्कची जागा तिला मिळणार कशी?


लष्करवाला
बुधवार, दुपारी २:४०

पोराने नेमकं विचारलं. इथेच लोक फसतात. डिस्क लागली, फॉरमॅट झाली, माउंट झाली, म्हणून चालू प्रोग्रामला जागा मिळाली असं होत नाही. कोणी म्हणेल नवी डिस्क आउटपुटच्या फोल्डरवरच माउंट करा. चूक. भरलेल्या फोल्डरवर माउंट केलं की आतलं सगळं झाकलं जातं, पुसलं जात नाही पण दिसत नाही, आणि जागाही मोकळी होत नाही. त्यात प्रोग्राम त्या फोल्डरच्या आत उभा असेल तर तो झाकलेल्या जुन्यातच लिहीत राहील, आणि बाहेरून उघडत असेल तर नव्यात. अर्धं इकडे अर्धं तिकडे.

कोणी म्हणेल एलव्हीएम, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच मोठी जागा करायची पद्धत. मशीन पहिल्या दिवसापासून एलव्हीएमवर असेल तर व्हॉल्यूम चालू असतानाच वाढतं, छानच आहे. पण दोन डिस्कवर एक व्हॉल्यूम पसरलं की एक डिस्क मेली तरी दोन्हीकडचं जातं. बारा वर्षं जुन्या डिस्कच्या गळ्यात नवी डिस्क बांधायची? मी नाही करणार.

उलट विचार करा. नव्याला जागा द्यायची नाही, जुन्याला हलवायचं. ज्या पानांचं काम झालं त्यांचे मोठे स्कॅन नव्या डिस्कवर न्या. ३४०० पानं म्हणजे साडेतीनशे जीबी रिकामे झाले, स्क्रिप्टला कळलंसुद्धा नाही.


मांडवीची_मनू
बुधवार, दुपारी ३:१०

+१. फक्त हे बघून घ्या की स्क्रिप्टने पानांची यादी सुरुवातीलाच बनवून ठेवली आहे की दर वेळी फोल्डर चाळते. यादी असेल तर झालेली वर्षं बिनधास्त हलवा. आणि मूव्ह करू नका, एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर मूव्ह म्हणजे कॉपी करून पुसणंच असतं, मधे काही झालं तर काय कुठे आहे कळत नाही. आरसिंक (कॉपी करायची कमांड) करा, मग दुसऱ्यांदा चेकसमवाला आरसिंक (फाइली आतून ताडून बघणारा), काही फरक नाही निघाला की मग जुनं पुसा.


रामबागी
बुधवार, रात्री ११:५५

मंडळी, लागली. पण जे झालं ते सांगतो, कारण तुम्ही सांगितलंत तितकं सरळ नव्हतं.

साडेआठला वाचनालय बंद झाल्यावर सुरू केलं. सोबत आमचे ग्रंथपाल काका, वय ७८, टॉर्च धरायला. कंट्रोल-झेड, दोन मिनिटं, सिंक. उजव्या बाजूचा पत्रा काढला तर आत धुळीची अशी गादी की काका म्हणाले यात हरभरे पेरले तर उगवतील. पंख्याला हात न लावता ब्रशने जरा बाजूला केली. डिस्क पिंजऱ्यात बसवली, चार स्क्रू, त्यातला एक खाली पडला आणि बोर्डावर कुठेतरी गेला. चालू बोर्डावर! माझ्या पोटात गोळा. काकांनी टॉर्च फिरवला, तो ग्राफिक कार्डाच्या रिकाम्या खाचेच्या कडेला उभा होता, बांबूच्या चिमट्याने (वाचनालयात जुनी पानं उलटायला ठेवतो तो) उचलला. हे कोणी सांगितलं नव्हतं हं, स्क्रू बाहेर पिंजरा काढून लावायचे. पिंजरा निघत होता, मला दिसलाच नाही.

डेटा लावली, मग पॉवर. आतून तो बारीक चढत जाणारा आवाज आला आणि एक टिक, आणि मशीन चालूच राहिलं. मी काकांकडे बघितलं, काका माझ्याकडे.

एलएसबीएलके (डिस्कांची यादी) केलं तर डिस्क नाही. डीमेसेजमध्येही काही नाही. मग मनूताईंनी मेसेजमधून सांगितलं ते केलं, पोर्ट परत तपासायला लावणाऱ्या स्कॅन नावाच्या फाईलमध्ये ‘मायनस स्पेस मायनस स्पेस मायनस’ लिहायचं. सुडो (रूटचा अधिकार) लावून इको केलं तर परमिशन डिनाइड. तीनदा. चौथ्यांदा मला वाटलं मशीनच खोटं बोलतंय.


मांडवीची_मनू
गुरुवार, सकाळी ७:४०

हाहा, ते सगळ्यांचं होतं काका, माझंही झालंय. सुडो फक्त इकोला लागतो, ‘फाईलमध्ये लिही’ हे काम तुमचं साधं शेल करत असतं, त्याला परवानगी नसते. म्हणून इकोचं आउटपुट पाइपने सुडो टी ला द्यायचं. पुढे काय झालं ते मला माहीत आहे पण बाकीच्यांसाठी लिहा.


रामबागी
गुरुवार, सकाळी ९:३०

हो. टी लावल्यावर परवानगी मिळाली, पण डिस्क तरी नाही. बोर्डावर केबल तिसऱ्या खाचेत, डीमेसेजमध्ये तिसरी म्हणजे एटीए३, म्हणून मी होस्ट३ स्कॅन करत होतो. मनूताई म्हणाल्या एटीएची मोजणी एकपासून आणि होस्टची शून्यापासून, म्हणजे एटीए३ म्हणजे होस्ट२. होस्ट२ ला स्कॅन मारलं आणि चार सेकंदांत ‘साटा लिंक अप’ आलं, खाली डिस्कचं नाव, आणि एसडीसी (लिनक्सने तिला दिलेलं अक्षर). काकांनी टाळी वाजवली.


सुदामानगर_४
गुरुवार, सकाळी १०:१२

आपोआप का नाही दिसली पण? माझ्याकडे लावली की दिसते.


मांडवीची_मनू
गुरुवार, सकाळी १०:४५

बहुतेक वेळा पॉवर सेव्हिंगमुळे. साटा पोर्टला वीज वाचवायच्या मोडमध्ये टाकलं असेल तर रिकामं पोर्ट झोपतं, आणि झोपलेलं पोर्ट नवी डिस्क आली हे सांगत नाही. मॅक्स परफॉर्मन्सवर ठेवलं तर आपोआप दिसते. काही बायोसमध्ये दर पोर्टला हॉट प्लगचं वेगळं बटणही असतं, ते बंद असेल तरी हेच.


रामबागी
गुरुवार, सकाळी ११:२०

पुढचं पाप कबूल करून टाकतो. फॉरमॅट करताना मी एसडीबी टाइप केलं. एसडीबी म्हणजे यूएसबी. म्हणजे बॅकअप. आतापर्यंत घरात दोनच डिस्क होत्या, ए आणि बी, नवी म्हणजे बी असं डोक्यात पक्कं. एंटर दाबला. मशीनने विचारलं की यावर आधीच ईएक्सटी-फोर आहे, तरी पुढे जायचं का, वाय की एन. काका मागून म्हणाले ‘अहो हे काहीतरी विचारतंय, वाचा तरी.’ वाचलं. एन दाबलं. मग खुर्चीत बसून राहिलो पाच मिनिटं, पाणी प्यालो.

मग फोटो काढलेला सीरियल नंबर एलएसबीएलकेच्या सीरियलशी ताडून बघितला, अक्षर न् अक्षर, काकांनी मोठ्याने वाचलं मी बोट ठेवलं, जसं बँकेत कॅश मोजताना दोघं असायचो. मगच एसडीसीला हात लावला. ४ टीबी असल्यामुळे जीपीटी (जुन्या एमबीआर पद्धतीत २ टीबीच्या पुढे जाता येत नाही हे भियांनी सांगितलं फोनवर), एकच पार्टिशन, ईएक्सटी-फोर, राखीव जागा १ टक्का. डीएफ ३.६ दाखवतंय, दुकानदाराने फसवलं नाही हे मला आता माहीत आहे, कंपनी हजाराने मोजते आणि मशीन १०२४ ने.

एफजी केलं, स्क्रिप्ट पान नंबर ४३१६ पासून पुढे चालू, जणू काही झालंच नाही. यादी सुरुवातीलाच बनलेली निघाली, मग आरसिंकने झालेली वर्षं हलवली. अडीच तास लागले कारण स्क्रिप्टही चालू होती. डिस्कवर आता ४०० च्या वर जागा आहे.


भिया_पोहेवाले
गुरुवार, दुपारी १२:०५

काकांना (ग्रंथपाल काकांना) माझ्याकडून सराफ्यात गराडू, सीझन आला की. नवी डिस्क आहे तर स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) बघा एकदा, ५ (बदललेले सेक्टर) आणि १९७ (संशयित सेक्टर) नंबरच्या ओळी शून्य पाहिजेत, आणि १९९ वाढत असेल तर केबल ढिली आहे. जुन्या डिस्कचंही बघा.


रामबागी
गुरुवार, दुपारी १२:४०

नवी सगळी शून्य. जुनीची ५ नंबरला ८, १९७ शून्य. १९९ दोन्हीकडे शून्य.


लष्करवाला
गुरुवार, दुपारी १:३०

आठ सेक्टर बदललेत, आकडा तिथेच थांबलेला असेल तर घाबरायचं नाही, महिन्याने परत बघा आणि लिहून ठेवा. एफस्टॅबमध्ये (मशीन उठताना कुठली डिस्क कुठे माउंट करायची ती यादी) काय लिहिलं? एसडीसी१ लिहिलं असेल तर खोडा, यूयूआयडी (न बदलणारा ओळख नंबर) लिहा आणि पुढे नोफेल (डिस्क नसली तरी मशीन उठू दे) लावा. आजच. ब्लॉकआयडी मारला की नंबर मिळतो.


रामबागी
गुरुवार, दुपारी १:३८

सध्या एसडीसी१ च आहे, माउंट मायनस ए मारलं तर काही एरर नाही. शनिवारी बदलतो.


लष्करवाला
गुरुवार, दुपारी १:४५

ती माउंट झालेलीच आहे म्हणून एरर नाही. बदला.


रामबागी
पुढचा मंगळवार, सकाळी १०:५०

लष्करवाले, हात जोडतो.

स्क्रिप्ट सोमवारी पहाटे संपली, ८ हजार पानं, एकही सुटलं नाही. शनिवारी पेट्या आल्या त्यात ती ओळ राहिली. सोमवारी दुपारी मी यूएसबी घरी घेऊन गेलो, बॅकअप दुसऱ्या जागी असावा म्हणून, मनूताईंचंच सांगणं. रात्री रामबागेत लाइट गेली, दीड तास, यूपीएसने पंधरा मिनिटांत मान टाकली.

आज सकाळी काकांचा फोन, मी भाजी आणायला गेलेलो. ‘हे मशीन एफवन दाबा म्हणतंय.’ (सेल. हो, तोच सेल. पुडीत माझ्या टेबलावर पडलेला आहे, शुक्रवारीच आणला होता.) दाबला. मग काका म्हणाले लाल तारे इकडून तिकडे पळताहेत आणि मागे घड्याळ चालू आहे, एक मिनिट तीस सेकंदांपर्यंत. मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत रूटचा पासवर्ड मागतंय.

यूएसबी नव्हती म्हणून नवी डिस्क एसडीसीची एसडीबी झाली, आणि एफस्टॅब बसलं एसडीसी१ ची वाट बघत.


भिया_पोहेवाले
मंगळवार, सकाळी ११:००

आणि तुम्ही भाजी मंडईत :) मग?


रामबागी
मंगळवार, सकाळी ११:२५

मग काय, फोनवरून. पासवर्ड काकांनी डायरीतून वाचला, टाइप करताना पडद्यावर काही दिसत नाही म्हणून तीन वेळा चुकले, बरोबर आहे त्यांचं, कोणालाही वाटेल कीबोर्ड बिघडलाय. नॅनो उघडायला सांगितलं, एफस्टॅब. शेवटच्या ओळीवर जा, सुरुवातीला हॅश टाका. हॅश म्हणजे काय? ते तीनच्या वर असतं ना, संगीताच्या नोटेशनसारखं. काका म्हणाले ‘जाळी!’ जाळी टाकली. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स, रीबूट. दुसऱ्या वेळी सरळ लॉगिनपर्यंत आलं. ज्या मशीनला बंद करायला मी आठवडाभर घाबरत होतो ते सकाळपासून तीनदा उठलं.

आता वाचनालयात पोचलोय. सेल टाकला, बायोसमध्ये तारीख आणि एएचसीआय परत केलं. ओळ यूयूआयडीची लिहिली, टाइप न करता ब्लॉकआयडीतून कॉपी-पेस्ट, नोफेल लावलं, डिस्कची वाट फक्त १० सेकंद. आधी अनमाउंट करून मग माउंट मायनस ए, मग यूएसबी लावून एकदा रीबूट आणि काढून एकदा. दोन्ही वेळा नवी डिस्क आपल्या जागी.


लष्करवाला
मंगळवार, सकाळी ११:३२

आता ठीक.


मांडवीची_मनू
मंगळवार, सकाळी ११:४०

स्कॅनचं पुढे करताना १९७ नंबरवर नजर ठेवा. आणि काकांना सांगा बडोद्याला नोकरी आहे त्यांच्यासाठी.


रामबागी
मंगळवार, सकाळी ११:५२

सांगितलं. ते विचारताहेत की वरच्या जुन्या ओळीवरची जाळी ठेवायची का काढायची.


लष्करवाला
मंगळवार, सकाळी ११:५३

ओळच पुसा.